एफची दोन्ही पोटे उजवीकडे

वाचकाचे पत्र

"माझी मुलगी यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत ती आमच्या गावातल्या सरकारी मराठी शाळेत होती, आता तालुक्याच्या हायस्कूलमध्ये जाते. तिथे सगळे इंग्रजीतून. तिचे मराठी अक्षर इतके सुरेख की गेल्या वर्षी शाळेच्या हस्तलिखिताची बरीच पाने बाईंनी तिच्याकडूनच लिहून घेतली. आता टीचर म्हणतात, इंग्रजी जोडून लिहायचे, कर्सिव्हमध्ये. बाकीची अक्षरे कशीबशी जमतात, पण छोटा एफ आला की गाडी अडते. वहीत एफवर लाल गोल. बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून उतरून घरी आली की आधी वही उघडून लाल गोल मोजते. पानभर एफ गिरवायला बसवले तर रडते.

माझे माहेर दोडामार्गचे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मी इंग्रजी सुटेच लिहिते. शाळेच्या डायरीत सही मराठीत करते, तीही आता लाजत लाजत. सासरे पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्राव, म्हणजे तेव्हाची प्राथमिक शाळेची परीक्षा, झालेले, त्यांचे अक्षर अजून मोत्यासारखे. ते म्हणतात, आमच्या वेळी मास्तर बोटांवर पट्टी मारत, म्हणून वळण आले. मिस्टर म्हणतात, मोबाइलच्या जमान्यात हे हवे कशाला? मला जे येत नाही ते मी तिला कसे शिकवू? आणि शिकवायची खरेच गरज आहे का? ती डावखुरी आहे, त्यामुळे तर असे होत नसेल ना?"

एक आई, डिचोली तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीला जे अक्षर अडले आहे, ते जोडून लिहायच्या छोट्या इंग्रजी अक्षरांतले सर्वांत अवघड अक्षर आहे, हे आधी तिला सांगा. नुसता धीर द्यायला म्हणून नव्हे, वही समोर ठेवून दाखवा. चौरेघी वहीत वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ, मध्ये दोन निळ्या. ए, सी, ओ, एन ही अक्षरे दोन निळ्या रेघांच्या मध्ये बसतात. एल, बी, एच, के वरच्या लाल रेघेपर्यंत चढतात, पण तिसऱ्या रेघेच्या खाली उतरत नाहीत. जी आणि वाय खालच्या लाल रेघेपर्यंत उतरतात, पण वरच्या घरात जात नाहीत. चारही रेघांना शिवणारे छोटे अक्षर एकच, ते म्हणजे एफ. हाताला एका दमात सर्वांत लांबचा पल्ला तिथे गाठावा लागतो आणि मध्ये दोनदा वळावे लागते. पाचवीतल्या मुलीचा हात तिथे चुकला, तर त्यात तिची हुशारी कमी पडली असे मुळीच नाही.

लाल गोल नेमका कशाबद्दल आहे ते टीचरनी लिहिलेले दिसत नाही. मराठी प्राथमिक शाळेतून हायस्कूलला आलेल्या मुलांच्या वह्या मी फोंड्याला वर्षानुवर्षे तपासल्या आहेत, त्यावरून सांगते. बहुतेक वेळा चुकते ते खालचे वळण. मुले एफचे खालचे पोट डावीकडे काढतात आणि अक्षर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दिसू लागते.

आता तुम्ही स्वतः पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर एक एफ काढा. तिसऱ्या रेघेवरून, म्हणजे खालच्या निळ्या रेघेवरून सुरुवात करायची. उजवीकडे झुकत वर जायचे. पहिल्या लाल रेघेला टेकले की डावीकडे वळायचे आणि तिथून सरळ खाली. दुसरी रेघ ओलांडायची, तिसरी ओलांडायची, थेट चौथ्या रेघेपर्यंत यायचे. हा एफचा काना, तो सरळच हवा. चौथ्या रेघेवर वळायचे ते उजवीकडे. उजव्या बाजूने वर येऊन तिसऱ्या रेघेपाशी कान्याला टेकायचे आणि तिथूनच पुढच्या अक्षराकडे निघायचे. या सगळ्यात पेन्सिल एकदाही उचलायची नाही.

काढलेले अक्षर आता नीट बघा. वरचे पोट कान्याच्या उजवीकडे आहे आणि खालचेही उजवीकडेच आहे. एफची दोन्ही पोटे उजवीकडे. दोन्ही वळणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातात. एवढे एक वाक्य मुलीच्या मनात पक्के बसले तर निम्मे काम झाले. जी, जे, वाय यांचे उलटे असते. त्यांचा काना खाली उतरला की डावीकडे वळतो, आणि पोट डाव्या बाजूला पडते. खाली उतरणारी अक्षरे शिकताना मुलांच्या हातात हे डावे वळण आधी मुरते, म्हणून एफ लिहितानाही हात त्याच बाजूला ओढला जातो. क्यूचे वळण एफसारखे उजवीकडे असते खरे, पण क्यू लिहायची वेळ येते किती?

तिची अडचण हीच आहे का हे पाहायचे असेल तर तिला ‘फ्लाय’ हा शब्द लिहायला सांगा. एफ, एल, वाय. तीन अक्षरांत सगळे कळते. एलचे पोट नीट आले तर एफचा वरचा अर्धा भाग तिला येतोच, कारण तिथपर्यंत दोन्ही अक्षरे सारखीच असतात. वायचे पोट डावीकडे आणि एफचे उजवीकडे असे स्वच्छ वेगळे पडले, तर तिची दिशा बरोबर आहे आणि लाल गोलाचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. दोन्ही एकाच बाजूला पडली, तर दुखणे सापडले.

आणखी एक चूक वरचेवर दिसते, ती म्हणजे एफला मध्ये आडवी रेघ देणे. पुस्तकातल्या छापील एफला ती असते, फलकांवरच्या एफला असते, म्हणून मुले देतात. जोडून लिहायच्या एफला ती नको. खालचे पोट कान्याला येऊन टेकते, तिथेच तिचे काम झालेले असते.

आता मला ज्या गोष्टीबद्दल सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे येते. तुमच्या मुलीचे मराठी अक्षर सुरेख आहे असे तुम्ही लिहिले आहे. तो सुरेख हातच तिला इथे थोडा आड येतो आहे, आणि हे तिला कोणीच समजावून सांगितलेले नाही. आपली अक्षरे दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी शिरोरेघेला लोंबतात. लिहिताना डोळा वरच्या रेघेवर असतो. खाली अक्षर कुठे संपते याची आपण फार काळजी करत नाही, उकार आला तर ते आणखी खाली जाते. इंग्रजी अक्षर मात्र खालच्या निळ्या रेघेवर बसते. त्याचे वर जाणे आणि खाली उतरणे त्या रेघेपासून मोजायचे असते. चार वर्षे वरच्या रेघेकडे पाहायला शिकलेल्या डोळ्याला खालच्या रेघेवर आणून बसवायचे, हे खरे काम आहे.

दुसरा फरक जोडण्याचा. मराठीत आपण अक्षर पुरे करतो, हात उचलतो, पुढचे अक्षर काढतो, पुन्हा उचलतो, आणि शब्द संपला की वरून शिरोरेघ ओढून सगळ्यांना एकत्र बांधतो. म्हणजे आपली जोडणी शेवटी होते आणि वरून होते. कर्सिव्हमध्ये ती लिहिता लिहिताच होते आणि बहुतेक वेळा खालून होते. शिवाय आपला काना वरून खाली येतो, त्यामुळे वरून खाली ओढायच्या रेघेची हाताला सवय असते. खालून वर जाणारी लांब रेघ मराठीत फारशी लागतच नाही. एफची सुरुवातच अशा रेघेने होते, तीही तिसऱ्या रेघेपासून थेट पहिलीपर्यंत. म्हणून मराठी शाळेतली मुले तिथे कचरतात. वर पोचली की हात उचलतात आणि पुन्हा टेकवून काना ओढतात. वरच्या वळणावर टोक दिसले, बारीक फट दिसली, की समजायचे हात उचलला गेला.

यासाठी ती लिहीत असताना वहीकडे पाहू नका, तिच्या हाताकडे पाहा. पेन्सिल कुठे उचलली जाते, कुठे अडखळते, कुठे बोटे पांढरी पडेपर्यंत दाबली जाते, हे अक्षर उमटल्यावर कळत नाही, उमटत असताना कळते. टीचरना तीस-चाळीस मुलांमध्ये हे पाहायला वेळ मिळत नाही. तुम्हाला मिळेल. त्यासाठी स्वतःला कर्सिव्ह येण्याची गरज नाही.

मुलीला हेही सांगा की हात न उचलता जोडून लिहिणे ही काही परक्यांची युक्ती नव्हे. मराठीनेही शेकडो वर्षे असेच लिहिले आहे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली शक्य तितका हात न उचलता लिहीत जायचे, अशी रीत होती. पत्रे, हिशेब, जमिनींचे कागद भरभर लिहायचे तर दुसरा इलाज नव्हता. पणजीच्या पुराभिलेखागारात असे मोडी कागद आजही जपलेले आहेत. कधी पणजीला गेलात आणि पाहायची संधी मिळाली तर तिला जरूर दाखवा. बाळबोध वळणाची ओळख असलेल्या मुलीला ते पान आधी पूर्ण अनोळखी वाटेल, मग एखादे अक्षर ओळखीचे दिसेल, आणि कर्सिव्हची भीती जरा तरी ओसरेल असा माझा विश्वास आहे.

सरावाचे आता. पानभर एफ गिरवणे आजपासून बंद करा. चुकीच्या दिशेने शंभर एफ काढले तर चुकीची दिशाच पक्की होते. वही काही दिवस बाजूला ठेवून पाटी आणि खडू घ्या. पाटी नसेल तर ओसरीवरच्या लादीवर ओल्या बोटाने चालेल. वीतभर उंचीचा एफ काढायचा, पूर्ण हात हलवून. नुसत्या बोटांनी इतके मोठे अक्षर निघतच नाही, हात कोपरापासून हलवावा लागतो, आणि तेच हवे आहे. अमेरिकेत ऑस्टिन पामर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्ताक्षराची जी पद्धत रूढ केली तिचा सारा भर याच गोष्टीवर होता: अक्षर बोटांनी कोरू नका, ते कोपरापासूनच्या हाताच्या हालचालीतून येऊ द्या. मोठ्या अक्षरात वळण हातात बसले की ते लहान करणे सोपे जाते. काही वेळा तिला डोळे मिटून काढायला सांगा. अक्षर वेडेवाकडे येईल, येऊ दे. दिशा बरोबर आहे का एवढेच बघायचे. दहा मिनिटे पुरेत. चहा-पावानंतर आणि बाकीच्या अभ्यासाच्या आधी, हात थकलेला नसताना.

वहीवर परत याल तेव्हा सुटा एफ न घेता शब्द घ्या. सुरुवात ‘लीफ’ने करा. त्यातली एल, ई, ए ही तिन्ही अक्षरे खालच्या निळ्या रेघेवर संपतात, म्हणजे एफची चढण जिथून सुरू व्हायला हवी तिथेच हात आपोआप येऊन पोचतो. शिवाय एफ शेवटी असल्याने पुढे काही जोडायची घाई नसते. मग ‘फिश’ आणि ‘फाइव्ह’, यांत एफ पहिला असतो आणि त्याच्या पोटातून बाहेर पडून आयला जोडायचे असते. मग ‘लाइफ’, त्यात एफ मध्ये अडकलेला असतो.

‘ऑफ’ सर्वांत शेवटी. मला खात्रीने वाटते की लाल गोलांतले बरेचसे ‘ऑफ’ या दोन अक्षरी शब्दावर असतील, कारण इंग्रजी परिच्छेदात तो शब्द पावलोपावली येतो आणि त्यातली जोडणी वेगळी असते. ओ हे अक्षर खालच्या निळ्या रेघेवर संपत नाही, वरच्या निळ्या रेघेपाशी संपते. बी, व्ही आणि डब्ल्यू यांचेही तसेच. तेव्हा ‘ऑफ’मधला एफ तिसऱ्या रेघेवरून सुरू होत नाही. ओच्या डोक्यावरून किंचित झोळ असलेली रेघ उजवीकडे न्यायची आणि तिथूनच वर चढायचे. मुलीने एफ तिसऱ्या रेघेवरून सुरू करायचा असे मनाशी घट्ट धरले असेल, तर ती ओनंतर खाली येऊन पुन्हा वर जाते. मग ओचे ए होते, टीचरना भलताच शब्द दिसतो आणि गोल पडतो. एफ बरोबर असूनही! ‘रूफ’, ‘कॉफी’, ‘ऑफिस’ या शब्दांतही हीच जागा आहे. दोन एफ शेजारी आले की दुसऱ्याचा काना पहिल्याला समांतर ठेवायचा, एवढेच वेगळे. मोठा, कॅपिटल एफ या सगळ्यात आणू नका. तो छापील वळणाचा सुटा काढला तरी कोणाचे अडत नाही.

एक ओळ लिहून झाली की त्यातला सर्वांत चांगला एफ तिचा तिलाच निवडू द्या, आणि त्याला तिने स्वतः निळ्या पेन्सिलीने गोल करावा. लाल गोल मोजणाऱ्या मुलीला हे फार हवे आहे. निवडताना तिला कारण विचारा. "याचा काना सरळ आहे," "याचे पोट रेघेवर टेकले आहे," असे ती सांगू लागली की तिचा डोळा तयार झाला, आता हात मागोमाग येईल.

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिले आहे की ती डावखुरी आहे. मला ती ओळ फार महत्त्वाची वाटली. डावखुरेपणामुळे एफ येत नाही असे नाही. डावखुऱ्या माणसांची कर्सिव्ह अक्षरे मी अतिशय देखणी पाहिली आहेत. पण आपली वही, आपले बाक, आपले कित्ते सगळे उजव्या हाताच्या सोयीने केलेले असतात. उजव्या हाताने लिहिणारा पेन्सिल उजवीकडे ओढत नेतो, डावखुऱ्याला ती ढकलत न्यावी लागते. ढकलताना टोक कागदात रुतते, हात दाबला जातो, लवकर दुखतो. एफचे खालचे वळण उजवीकडे असल्याने तिथेही तिला ढकलावेच लागते. तेव्हा तिच्या त्या वळणावर अक्षर जाड किंवा अडखळलेले दिसले तर त्याचे कारण हे असू शकते.

उपाय साधे आहेत. वही छातीसमोर सरळ न ठेवता थोडी डावीकडे सरकवा आणि तिचा वरचा डावा कोपरा वर जाईल अशी तिरकी करा. उजव्या हाताची माणसे वही ज्या बाजूला कलती करतात त्याच्या उलट. पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, म्हणजे लिहिलेले तिला दिसेल. हात ओळीच्या खाली राहिला पाहिजे. ओळीच्या वरून मनगट वाकवून लिहीत असेल तर ते आताच सोडवायला हवे, मोठेपणी सुटत नाही. तिची अक्षरे कित्त्यासारखी उजवीकडे न झुकता उभी राहिली किंवा थोडी डावीकडे कलली तरी चालेल, सगळी एकसारखी कलली म्हणजे झाले. शाळेत बाकाच्या डाव्या टोकाला जागा मागून घ्या, नाहीतर शेजारणीच्या कोपराला कोपर लागत राहतो. आणि जेल पेन नको. आपल्या पावसाळ्यात कागद दमट असतो, शाई पसरते आणि लवकर वाळत नाही. डावखुऱ्या मुलीचा तळवा त्या ओल्या अक्षरांवरूनच सरकत जातो. पेन्सिल, नाहीतर साधे बॉलपेन.

तिला उजव्या हाताने लिहायला लावायचा विचार घरात कोणाच्या मनात आला असेल, तर तो तिथेच थांबवा. त्यात मला तडजोड दिसत नाही.

आजोबांच्या पट्टीबद्दलही माझे मत इतकेच स्पष्ट आहे. बोटांवर मारल्याने वळण येत नाही, बोटे आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी एफचे वळण तर मुळीच निघत नाही. पण आजोबांना यातून वगळूही नका. १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळांतून शिकलेल्या पिढीकडे हस्ताक्षराचे एक शिक्षण होते, जे आता घराघरांतून संपत चालले आहे. ते टाक आणि दौत वापरून शिकले असतील. लवचिक निब वर जाताना दाब सहन करत नाही, खाली येतानाच तिच्यावर दाब देता येतो, म्हणून त्या वळणात वर जाणारी रेघ केसासारखी बारीक आणि खाली येणारी ठसठशीत असते. टाक हातात असला की हात आपोआप हलका राहतो. तुमच्या मुलीला नेमके हेच शिकायचे आहे: वर जाताना हलका हात. आजोबांना म्हणा, तिला रागावू नका, तिच्यासमोर बसून स्वतःचे नाव लिहा, सावकाश. तिने फक्त बघावे. त्यांचा एफ शाळेच्या कित्त्यातल्या एफसारखा नसेल कदाचित. त्यांनी तो तिला गिरवायला देऊ नये, एवढी विनंती करा. पाचवीत तरी एकच नमुना समोर असावा.

आता तुमच्या यजमानांच्या प्रश्नाकडे. हे शिकणे हवेच का? जगात यावर एकमत नाही. फिनलंडने २०१६ पासून शाळांत जोडून लिहायला शिकवण्याची सक्ती सोडली. कॅलिफोर्नियाने उलट २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या मुलांना ते पुन्हा शिकवायचे ठरवले. फ्रान्समध्ये मुले सुरुवातीपासून जोडूनच लिहितात. माझे स्वतःचे मत असे की शिकावे. आपल्या मुलांना दहावीचे पेपर अजून हातानेच लिहायचे आहेत, आणि ज्याचा हात न उचलता चालतो त्याला लांब उत्तर लिहिताना दमायला होत नाही. शिवाय जुनी पत्रे, वडिलधाऱ्यांचे लेखन वाचता येणे ही मला मोठी गोष्ट वाटते. पण कर्सिव्ह म्हणजे काही पवित्र विधी नव्हे. मोठेपणी भरभर लिहिणारे बहुतेक लोक काही अक्षरे जोडतात, काही सुटी सोडतात. वाचता यावे आणि हात दुखू नये, या दोन कसोट्यांना जे उतरेल ते चांगले अक्षर. ज्या मुलीला आपल्या हस्ताक्षराचा अभिमान होता ती आता वही उघडायला घाबरते आहे. एका एफपायी एवढी किंमत देऊ नका.

म्हणून टीचरना भेटा, किंवा डायरीत चार ओळी लिहा. मराठीतच लिहा. असे काहीसे: "टीचर, मुलगी रोज दहा मिनिटे एफचा सराव करते आहे. तिच्या अक्षरात नेमके कुठे चुकते ते एकदा वहीत काढून दाखवाल का? ती डावखुरी आहे, तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवता येईल का? आणि सराव चालू असेपर्यंत शुद्धलेखनाच्या वहीशिवाय इतर वह्यांत सुटा एफ लिहिला तर चालेल का?" तक्रारीचा सूर नको, विचारणेचा असू दे. अशा चिठ्ठीला नाही म्हणणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले. इतर वह्यांत सुटा एफ चालू लागला की तिच्यावरचे ओझे त्याच दिवशी हलके होईल, आणि सरावाच्या दहा मिनिटांत ती मोकळ्या मनाने बसेल.

एका बाबतीत मात्र सावध राहा. अडचण फक्त एफची असेल तर वर सांगितले ते पुरेसे आहे. पण फळ्यावरचे उतरवताना ओळी सुटतात, मराठीतही अक्षरे उलटसुलट होऊ लागली आहेत, थोडे लिहिले तरी हात दुखतो, असे काही दिसत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या आणि मग शाळेमार्फत योग्य तज्ज्ञांचा सल्ला घ्या. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही. मराठी हस्तलिखित लिहिणारी मुलगी आहे ती.

राहिली तुमची गोष्ट. तुम्ही विचारता, मला येत नाही ते मी कसे शिकवू. शिकवू नका, तिच्याबरोबर शिका. तुमचाही हात मराठीच आहे, त्यामुळे ती जिथे अडखळते तिथेच तुम्हीही अडखळाल, आणि त्या जागा तुम्हाला जितक्या लवकर दिसतील तितक्या टीचरना किंवा आजोबांना दिसणार नाहीत. तिच्या बरोबरीने स्वतःसाठी एक चौरेघी वही आणा. तुमचा एफ तिला तपासू द्या. आईच्या वहीत चूक दाखवता आली की मुलांचा स्वतःच्या चुकीबद्दलचा धसका फार लवकर जातो.

आणि डायरीतली सही मराठीतच राहू दे, न लाजता. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीचा सरकारी कामकाजातही वापर करायला मुभा दिलेली आहे. शाळेच्या डायरीत मराठी सहीने संकोचावे असे काही नाही. कर्सिव्ह शिकल्यावर सही बदलायची असे मनात असेल तर तेही नको. पहिले काही दिवस फक्त पाटी, मग दोघींनी मिळून ‘लीफ’. ‘ऑफ’कडे वळायची घाई करू नका, आणि तिथे काही अडले तर तिच्या वहीचे एक पान मला पाठवा.